सरकारतर्फे साक्षीदार, तुमची बहीण

मु. खानापूर, मार्गशीर्ष वद्य पंचमी, शके १८६५

निपाणी मुक्कामी तंबाखूच्या वखारीत मानाच्या गादीवर बसणारे, आणि ज्यांचं नुसतं नाव निघालं तरी आमच्या घरात पदर सारखा केला जातो असे आमचे थोरले मेहुणे आण्णाप्पा पाव्हणे यांस, भावकू बिर्जे याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (दोन्ही हात हल्ली मोकळेच असतात. मोटारीचं चाक धरायला सरकारची मनाई आहे. ती हकीकत सांगण्यासाठीच हे पत्र.)

वखारीतल्या धुळीने तुम्हाला दर थंडीत खोकला होतो, तो यंदा कसा आहे? वहिनींचं डोळ्यांचं औषध लागू पडलं का? सासूबाईंची तब्येत ठणठणीत असल्याचं मागच्या पत्रात वाचून आनंद झाला. (त्यांच्या तब्येतीविषयी थोडं काम आहे, ते शेवटी लिहितो.) इकडे आम्ही उभयता खुशाल. तुमच्या बहिणीच्या हाताला जरासं खरचटलं आहे, पण ते मुद्दाम लिहिण्यासारखं नाही.

भावकूने दारू पिऊन मोटार शेतात घातली, अशी आवई निपाणीपर्यंत आली असेलच. खानापुरात काही घडलं की ते आधी निपाणीच्या बाजारात कळतं आणि मग ज्याचं त्याला. तर या आवईत दोन चुका आहेत. एक, मोटार शेतात गेली नाही, खळ्यात गेली. दोन, मी दारू प्यालो नव्हतो, मी देवाचा प्रसाद घेतला होता. येत्या सोमवारी बेळगावच्या कोर्टात खटला उभा राहील. मी तो लढणार आहे. बेळगावात हरलो तर वरच्या कोर्टात, तिथे हरलो तर मुंबईला. अंगावरचा कोट विकावा लागला तरी चालेल, पण ‘दारू पिऊन गाडी हाकणारा’ हा शिक्का मी लावून घेणार नाही. ठरलं म्हणजे ठरलं. पाव्हणे, सवाल लायसन्सचा आहे. आमच्या सात पिढ्या भाताच्या चिखलात गेल्या. नांगर सोडून मोटारीचं चाक धरणारा आमच्या भावकीतला पहिला मी, आणि ते चामड्याच्या पाकिटातलं लायसन्स बारा वर्षं माझ्या छातीशी होतं. आता ते फौजदारांच्या कपाटात आहे. सोमवारी ते परत मिळतं की कायमचं जातं, एवढाच प्रश्न आहे.

आता प्रसादाचं सांगतो. तुम्ही निपाणीकडच्या उघड्या माळावरची माणसं, तुम्हाला आमच्या रानवाटांची रीत ठाऊक असणार नाही. खानापुराहून नंदगडला जाताना एका वळणावर जुनी जांभूळ आहे. तिच्याखाली एक देव आहे. त्याला मूर्ती नाही, देऊळ नाही, नाव म्हणाल तर ‘वळणावरचा’. पूर्वी नवी बैलजोडी गाडीला जुंपली की त्याला एक बाटली द्यायची, म्हणजे गाडी कधी उलटत नसे. पुढे मोटारी आल्या, तेव्हा देवाने तोच नियम मोटारींना लावला. (निदान रवळू घाडी तसं सांगतो, आणि देवातर्फे बोलायचा हक्क त्याच्याच घराण्याला आहे.) नवी मोटार, नवा टायर, नवं टप, काहीही नवीन आलं की बाटली घेऊन जांभळीखाली उभं राहायचं. रवळू गाऱ्हाणं घालतो, धार सोडतो, आणि बाटलीत उरलेलं गाडी हाकणाऱ्याने आणि घाड्याने जागच्या जागी संपवायचं. घरी न्यायचं नाही, सांडायचं नाही, उद्यावर ठेवायचं नाही. हे सगळं कशासाठी, तर अपघात होऊ नये म्हणून.

लढाईमुळे पेट्रोल मिळेनासं झालं हे तुम्ही जाणताच. शेवटी मीही बाकीच्यांसारखा मोटारीच्या पाठीला कोळशाचा गॅस प्लांट बसवून घेतला. दिसायला तो थेट आंघोळीच्या पाण्याचा बंब. सकाळी तासभर फुंकावा लागतो, चढणीला उतारूंना उतरून ढकलावं लागतं, आणि बेळगावला पोचेतो मागच्या बाकावरची गोरी माणसंसुद्धा सावळी होतात. पण गाडी चालते. तर बंब ही नवी वस्तू, म्हणजे बाटली आली. मी एक घेऊन गेलो. रवळू घाडी बंबाभोवती तीनदा फिरला आणि म्हणाला, “भावकू, ह्ये लई येगळं हाय रं. एक गाडीची, एक बंबाची, आन् आतल्या विस्तवाची तिसरी. विस्तू पाठीला बांधून फिरनार, आन् देवाला एकावर गप बसवनार व्हय?” त्याचं म्हणणं मला पटलं. बाजाराचा दिवस होता, नंदगडहून परतणाऱ्या एका गाडीवानाकडून दोन आणखी घेतल्या.

इथे माझं नशीब आडवं आलं. रवळूची म्हैस आजारी होती आणि ती बरी होईपर्यंत त्याने थेंबाला न शिवण्याचा नवस केला होता. आमचा क्लीनर मष्णू साठीचा गृहस्थ आणि जन्माचा माळकरी. “व्हय म्हाराजा, ह्या लेकराच्या गाडीला वाटंत काय आडवं येऊ देऊ नगं म्हाराजा” असं तीन वेळा झालं, तीन धारा पडल्या, आणि बाकी सगळं माझ्याकडे आलं. देव फार पीत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. आता सांगा, यात माझा गुन्हा कोणता? प्रसाद नाकारला तर देवाचा अपराधी, घेतला तर सरकारचा.

तिथून दोन फर्लांगांवर खळं आहे. भाताची मळणी उरकून पेंढ्यांची गंजी रचलेली होती, आणि गंजीच्या डाव्या अंगाला बिनकठड्याची विहीर. मोटार रस्ता सोडून खळ्यात उतरली आणि गंजीत जाऊन शांतपणे उभी राहिली. विहिरीत गेली नाही, गंजीत गेली. याचा अर्थ माझा हात किती स्थिर होता पाहा. त्या फेरीला चौदा उतारू होते, शिवाय दोन कोंबड्या. एकाच्याही अंगावर ओरखडा नाही. हे प्यालेल्या माणसाचं काम आहे का? कोळशाच्या विस्तवाने गंजी पेटली असती, तर मष्णूने कळशीभर पाणी बंबावर ओतून तीही वाचवली. (बंबाला त्यामुळे तडा गेला. तो आता खरोखरच आंघोळीच्या कामाचा उरला आहे.)

फौजदार बाजाराच्या बंदोबस्तावरून परतत होते, ते नेमके तेव्हाच आले. त्यांनी मला दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर धारवाडकडचे. त्यांनी फरशीवर खडूने रेघ ओढून तिच्यावरून चालायला सांगितलं. मी चाललो. रेघ सरळ नव्हती त्याला मी काय करणार? मग त्यांनी मला कन्नडमध्ये चार प्रश्न विचारले आणि मी चारही प्रश्नांची उत्तरं खणखणीत कन्नडमध्ये दिली. तेच भोवलं. माझं कन्नड बाजारात भाव करण्यापुरतं, हे सगळ्या खानापुराला ठाऊक. फौजदार डॉक्टरांना म्हणाले, साहेब, हा शुद्धीवर असता तर एवढं बोलला नसता. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं.

बेळगावात मी मार्तंडराव वकील दिले आहेत. मोठे हुशार, बोलतात हळू आणि हसत नाहीत. त्यांनी मला कायद्याचं नवं पुस्तक उघडून दाखवलं. नशेत मोटार हाकली असं शाबीत झालं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशेपर्यंत दंड, वाटल्यास दोन्ही, आणि वर लायसन्स काढून घेणार. ‘प्रसाद’ हा शब्द पुस्तकात कुठे सापडतो का, असं मी विचारलं. त्यांनी पुस्तक मिटलं. मग म्हणाले, देवाला यात आणू नका, देवाला समन्स लागत नाही. त्याऐवजी कोळशाच्या गॅसने चक्कर आली म्हणून सांगू. मला ते आवडलं नाही, कारण मग बंब आणणाराही मीच ठरतो. पण वकिलाशी वाद घालणं म्हणजे न्हाव्याशी वाद घालण्यासारखं, वस्तरा त्याच्या हातात असतो.

मात्र त्यांनी एक आशेची गोष्ट सांगितली. ते डॉक्टर लढाईवर गेले आहेत. ते स्वतः येऊन सांगत नाहीत तोवर त्यांच्या कागदाला कोर्टात फारसं वजन नाही. फौजदार आले ते गाडी थांबल्यावर, त्यांनी मला हाकताना पाहिलेलं नाही. रवळू घाडी देवाच्या गोष्टी कोर्टात सांगणार नाही. मष्णू माझ्या पगारातला. आणि चौदा उतारू रोजचे, विचारलं की ‘आम्ही काही पाहिलं नाही’ म्हणतात. राहता राहिला एक साक्षीदार. त्या एका साक्षीवर सरकारचा सगळा खटला उभा आहे. ती साक्ष पडली की लायसन्स माझ्या खिशात.

तो साक्षीदार म्हणजे तुमची बहीण.

घरचा भेदी लंकादहन म्हणतात ते खोटं नाही, पाव्हणे. नंदगडच्या बाजाराला म्हणून ती त्या दिवशी माझ्या शेजारी पुढे बसली होती. फौजदारांनी तिला नुसतं विचारलं, बाई, काय झालं? डोक्यावरचा पेंढा झटकत ती म्हणाली, “पिल्यात ह्ये. नगं म्हनलं तरी हाकली.” ते वाक्य सरकारच्या कागदावर चढलं, तिचा अंगठा उठला आणि आठ दिवसांनी आमच्या दारात समन्स आलं. माझं एक आणि तिचं एक. पोलिसाने दोन्ही माझ्याच हातात दिली. बारा वर्षांच्या संसारात आम्हा दोघांना मिळून आलेलं पहिलं आमंत्रण ते हे.

आता उतारूंच्या अंगावर ओरखडा का नाही, ते सांगायला हवं. (सांगणार नव्हतो. पण तुमच्याकडून काम करून घ्यायचं तर पूर्ण सांगणं भाग आहे.) ते मोटारीत नव्हते. जांभळीखाली माझी तिसरी बाटली संपली तेव्हा तुमची बहीण उठली आणि मागे वळून सगळ्यांना म्हणाली, “उतरा खाली. ही गाडी आता चालायची न्हाय.” चौदाच्या चौदा उतरले. कोंबड्यासुद्धा. माझ्या गाडीतून माझ्या देखत माझे उतारू उतरवते याचा मला राग आला, आणि रिकामी तर रिकामी, गाडी नंदगडला नेऊन दाखवतो, असं म्हणून मी मष्णूला हँडल मारायला लावलं. सगळे वाटेच्या कडेला उभे राहून पाहत होते. तुमची बहीणही उतरली होती. गाडी हलली तशी ती पळत आली आणि पुन्हा माझ्या शेजारी चढून बसली. दोन्ही हात मांडीवर ठेवून समोर बघत बसली.

गेले पंधरा दिवस मी तिला समजावतो आहे. गोडीने सांगितलं, रागावून सांगितलं, दोन दिवस अबोला धरून पाहिला. (अबोल्याचा तिच्यावर परिणाम झाल्याचं दिसलं नाही, उलट घरात निवांत वाटतं म्हणाली.) नवऱ्याविरुद्ध कोर्टात उभी राहणारी बाई आपल्या तालुक्यात झाली नाही, लोक काय म्हणतील, असं म्हणालो. त्यावर तिने एकदाच काय ते उत्तर दिलं: “माझ्या सांगण्यानं चाक सुटलं न्हाय तुमच्या हातातनं. मॅजिस्ट्रेटच्या सांगण्यानं सुटतंय काय बघते. लायसन गेलं तर दुसरं निघंल. तुमी गेला तर मी कुटल्या हापिसात जाऊ?” मी गोठ्यात जाऊन बसलो.

असो. पत्र लांबलं. वखारीतल्या मंडळींना माझा रामराम सांगावा, मुलांना आशीर्वाद, आणि मेहुण्याविषयी मनात किंतु आणू नये. पत्र पोस्टाच्या भरवशावर न सोडता मष्णूच्या हाती पाठवतो.

आपला, कर नाही त्याला डर कशाला या बाण्याचा,
भावकू बिर्जे

ता. क. खरं काम आता लिहितो. पत्र मिळताक्षणी तुम्ही ‘आई अत्यवस्थ, गुणाला ताबडतोब पाठवा’ अशी तार करा. सासूबाईंना शंभर वर्षं आयुष्य आहे, एका तारेने त्यांचं काही बिघडत नाही, उलट खोट्या आजाराने आयुष्य वाढतं म्हणतात. रविवारच्या आत ती निपाणीला आली पाहिजे आणि मंगळवारपर्यंत तिथेच राहिली पाहिजे. वाटल्यास सासूबाईंना दोन दिवस पांघरूण घेऊन पडायला सांगा. माझं लायसन्स आता तुमच्या तारेवर आहे.

ता. क. दुसरा. (शुक्रवार, संध्याकाळ.) मष्णूच्या पायाला लचक भरल्यामुळे पत्र कालपासून इथेच आहे. बरंच झालं. तारेची गरज उरली नाही, खटला आपण जिंकला. आज बेळगावला जाऊन आलो. मार्तंडरावांनी मला पुन्हा पहिल्यापासून सगळं विचारलं, गाडी रस्त्यावरून नेमकी कशी सुटली, कुणाचा हात कुठे होता. मी सांगत गेलो. एका जागी ते थांबले आणि टाक दौतीत ठेवला. म्हणाले, म्हणजे चाक शेवटी बाईंनी ओढलं? मी म्हणालो, हो, गाडी विहिरीच्या रोखाने निघाली तेव्हा तिने दोन्ही हातांनी चाक धरून उजवीकडे फिरवलं. (वर ‘माझा हात स्थिर होता’ असं लिहिलं आहे, ते खोडावं.) वकील त्या दिवशी पहिल्यांदा हसले. म्हणाले, बाईंनी खुशाल साक्ष द्यावी. मी त्यांना एवढंच विचारणार, चालत्या गाडीचं चाक तुम्ही ओढलंत की नाही? त्या खोटं बोलणाऱ्या नाहीत, हो म्हणतील. मग गाडी हाकणाऱ्याच्या ताब्यातून गेली ती कुणामुळे? बायकोमुळे. तुमची तुमच्या पतीशी धुसफूस असते ना, हेही विचारू. पुराव्यासाठी तिची एखादी खोड सांगा, म्हणाले. मी पुष्कळ आठवून पाहिलं. आमटीत मीठ जरा सढळ पडतं, म्हणालो. ते त्यांनी लिहून घेतलं नाही. पण त्यावाचून अडत नाही. सोमवारी लायसन्स घेऊनच बाहेर पडू, असं त्यांनी हातावर हात मारून सांगितलं आहे.

ता. क. तिसरा. (शनिवार, पहाट झाली आहे.) झोप लागली नाही. वर ‘जिंकला’ असं लिहिलं आहे, तेही खोडा. इतकी खाडाखोड झाली की पत्र वाचण्यासारखं राहिलं नाही, पण नव्याने लिहायला कागद नाही.

काल घरी आलो तेव्हा गुणा चुलीपुढे बसून सोमवारी काय बोलायचं ते पुटपुटत होती. मला पाहून गप्प झाली नाही. मी ऐकत उभा राहिलो. तीन बाटल्यांचं होतं, उतारू उतरवल्याचं होतं, विहिरीचं होतं. तिने चाक ओढलं, हे त्यात कुठे नव्हतं. म्हणून मी विचारलं, चाकाचं का सांगत नाहीस? म्हणाली, “मी वडलं म्हनून सांगितलं, तर तुमाला गाडी सांभाळता आली न्हाय असं हुतंय की हो चारचौघांत. पिल्यात येवडं सांगते. हाकता येत न्हाय असं न्हाय सांगत मी.”

पाव्हणे, मी बारा वर्षं मोटार हाकतो आहे, पण माझ्याविषयी इतक्या विचाराने कुणी कधी बोललं नाही. मी सोमवारी गुन्हा कबूल करणार. पुकारा झाला की तिला साक्षीच्या पिंजऱ्यात चढू देण्याआधी मीच उभा राहून सांगणार, की हो, प्यालो होतो, आणि हाकली. प्रसाद नाही, बंब नाही, चाक कुणी ओढलं ते कुणी विचारू नये. मार्तंडराव मला वेडा म्हणतील. म्हणू देत. ठरलं म्हणजे ठरलं. गुणाला यातलं काही बोललेलो नाही.

तर तार करू नका, तुम्ही स्वतः या. (मष्णूच्या पायाची सूज उतरली आहे, सकाळच्या पहिल्या गाडीने त्यालाच पत्र देऊन धाडतो.) वर ‘खरचटलं’ लिहिलं तेही खोटं. चाक फिरवताना तिचा उजवा हात त्यात अडकला, दोन हाडं मोडली आहेत, हाडवैद्याने कामट्या बांधून सहा आठवडे हलवायचा नाही म्हणून बजावलं आहे. तेव्हापासून भाकरी मी करतो. आता बऱ्या जमतात, कडेला चिरत नाहीत. मला आत घातलं तर कामट्या सुटेपर्यंत तुम्हाला इथे राहावं लागेल. तुम्हाला भाकरी थापता येत नसणार, म्हणून सोमवारी सकाळी न येता रविवारी दुपारीच या. पीठ दळून ठेवतो. एका दिवसात शिकवीन.